कॅमोच्या लादीचा सांधा दिसतो, काय करावं?

ठिपका
मंडळी, मदत हवी आहे. फावल्या वेळात एक छोटा गेम करतोय. जमिनीला काहीतरी नक्षी हवी म्हणून नेटपीबीएम या चित्रांच्या कमांडींच्या संचातली पीपीएमपॅट ही कमांड वापरून पाहिली. नक्षीचं नाव आणि रुंदी-उंची दिली की काम संपलं, रंग ती स्वतःच निवडते. माउसला हातही लावावा लागत नाही, हे मला फार आवडलं. गिंगहॅम, मद्रास, टार्टन असे तिन्ही चौकडे काढले, त्याच संचातल्या पीएनएमटाइलने शेजारी शेजारी लावले, एकदम बेमालूम!

मग हावरटपणा नडला. म्हटलं जमीन आहे तर कॅमो, म्हणजे सैनिकी गणवेशावरची डागांची नक्षी, काढू. २५६ बाय २५६ ची लादी काढली, पसरली, आणि दर २५६ पिक्सेलला उभी-आडवी रेघ. इकडे हिरवा डाग अर्धा कापलेला, पलीकडे भलताच तपकिरी सुरू. काठ धूसर करून पाहिले, तर आता कापल्याच्या रेघेऐवजी धुक्याची रेघ दिसते.

माझा काही पर्याय चुकतोय, की कॅमो जुळतच नाही? सी ही भाषा येत नाही. शेल आणि ऑक (मजकुरावर काम करणारी छोटी भाषा) बऱ्यापैकी येतं.

निवांत_नाना
गेममध्ये रात्र कर. सांधा दिसणार नाही, जमीनही दिसणार नाही.

जुनाखोड
ठिपका, तुझं काही चुकलेलं नाही. मॅन्युअल नीट वाच. गिंगहॅम, मद्रास, टार्टन आणि स्क्विग यांच्यापुढे 'लादीसारखं लावता येतं' असं स्पष्ट लिहिलंय. कॅमो, अँटीकॅमो आणि पोल्स यांच्यापुढे ते वाक्यच नाही. लेखक प्रामाणिक माणूस, जे जमत नाही त्याबद्दल गप्प बसला.

कारण साधं आहे. चौकड्यात रुंदीचे ठरावीक पट्टे असतात, उजव्या काठाला पट्टा संपतो आणि डाव्या काठाला पुन्हा पहिला सुरू होतो. कॅमोमध्ये प्रोग्राम नुसते वेडेवाकडे डाग कुठेही टाकत जातो. डागाचा जो भाग चौकटीबाहेर जातो तो कापून फेकतो. फेकलेला तुकडा पलीकडच्या काठाला यायला हवा, तो येत नाही.

अवांतर: या कुटुंबाची सुरुवात १९८०च्या दशकातली. जेफ पॉस्कँझर यांनी पीबीएम हे स्वरूप काढलं ते काळं-पांढरं चित्र साध्या ईमेलच्या मजकुरातून धडपणे पाठवता यावं म्हणून. नुसती ० आणि १ ची रांग. नक्षी काढणं वगैरे हौस नंतरची.

निवांत_नाना
खोडकाका ईमेलवर आले. आता पंच कार्डं निघणार.

जुनाखोड
नाना, पंच कार्डाआधी जॅकार्डचा माग होता. तोही भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षीच विणत होता, १८०४ पासून. तेव्हा मी धाग्यावरच आहे.

अर्धविराम
इतका विचार कशाला? इमेजमॅजिक हा चित्रं बदलणारा प्रोग्राम घ्या. मूळ चित्र, त्याला 'फ्लॉप' करून उजवीकडे जोडा. जे तयार होईल ते 'फ्लिप' करून खाली जोडा. आरशातली प्रतिमा असल्यामुळे काठ आपोआप जुळतात. एका ओळीत काम. मी कायम असंच करतो.

विंडोजवाल्यांसाठी: आवृत्ती ७ मध्ये कमांडचं नाव 'मॅजिक'. जुन्या लेखांत 'कन्व्हर्ट' लिहिलेलं असतं, ते तसंच टाइप केलंत तर विंडोजचा स्वतःचा कन्व्हर्ट जागा होतो आणि त्याला डिस्कची फाइल सिस्टिम बदलायची असते. दचकू नका.

रेघोटी
अर्धविराम, सांधा जातो हे खरं, पण आरसा दिसतो ना! डाग दोन्हीकडे सारखे झाले की डोळ्याला लगेच चेहरे दिसायला लागतात. मी एकदा एका सादरीकरणाच्या मागे अशी आरसेवाली नक्षी लावली होती. तिसऱ्या पानाला मागून कोणीतरी म्हणालं, "तो वटवाघूळ आहे का?" त्यानंतर माझं कोणी ऐकलं नाही. सगळे वटवाघळं मोजत बसले.

चौकड्याला, ताऱ्यांना, भौमितिक कशालाही आरसा शोभतो. डागांना नाही.

अर्धविराम
ठीक आहे, जमिनीवर वटवाघळं असतील तर गेमची मजाच वाढेल. (ह. घ्या.)

सतरावा_गट
खोडकाकांनी रोग बरोबर सांगितला, औषध मी सांगतो. चित्र कागद आहे असं समजूच नका. कागदाची उजवी कड डाव्या कडेला चिकटवा, नळी झाली. नळीची वरची तोंडकड खालच्या तोंडकडेला चिकटवा, टायरच्या ट्यूबसारखा आकार झाला. नक्षी त्या ट्यूबवर काढायची. ट्यूबला काठच नाही, तर सांधा येणार कुठून?

हिशोबात याचा अर्थ एवढाच. लादी २५६ ची. एका डागाचं केंद्र २५० वर, त्रिज्या २०. म्हणजे डाग २३० पासून २७० पर्यंत. २५६ नंतरचा तुकडा पीपीएमपॅट फेकते. तू तोच डाग केंद्र उणे ६ वर धरून पुन्हा काढ. मग तो ० पासून १४ पर्यंत डाव्या काठावर उमटेल. तोच फेकलेला तुकडा. वर-खालीही तसंच. कोपऱ्यातला डाग चारदा काढावा लागतो, बाकीचे एकदा किंवा दोनदा. आळस असेल तर सगळे डाग सरसकट नऊदा काढ, जे बाहेर पडतील ते पडतील.

काठ नंतर घासून, पुसून, धूसर करून हे कधी जमत नाही. सांधा हिशोबातच नसायला हवा.

ठिपका
गटभाऊ, ट्यूबची गोष्ट डोक्यात बसली. पण पीपीएमपॅटच्या आत शिरून बदल करायला सी यायला हवं, आणि तिथेच माझी गाडी अडते. ऑकमध्ये चित्र काढता येतं का?

जुनाखोड
येतं की. म्हणून तर ईमेलची गोष्ट सांगितली. पीपीएम म्हणजे पीबीएमचा रंगीत भाऊ. त्याचं साधं रूप म्हणजे नुसता मजकूर. पहिल्या ओळीत पी३, दुसऱ्या ओळीत रुंदी आणि उंची, तिसऱ्या ओळीत २५५, आणि त्यापुढे प्रत्येक पिक्सेलचे तांबडा, हिरवा, निळा असे तीन आकडे. ऑकला आकडे छापता येतात. झालं.

राखाडी हवं असेल तर पी३ च्या जागी पी२ आणि एकेकच आकडा. काळं-पांढरं असेल तर पी१, पण तिथे एक गंमत आहे. १ म्हणजे काळा, ० म्हणजे पांढरा. पी२ मध्ये ० काळा. यात मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

सुरुवात म्हणून हे करून बघ: पी२, १२८ १२८, २५५. मग वाय ० ते १२७, त्याच्या आत एक्स ० ते १२७, आणि दर वेळी एक्सचा वर्ग अधिक वायचा वर्ग, भागिले २५६, उरलेली बाकी छापायची. बस. ते चित्र काढून पीएनएमटाइलने पसर आणि मला सांग काय दिसलं.

ठिपका
बापरे! वर्तुळांत वर्तुळं, मध्येच छोट्या वर्तुळांच्या रांगा. आणि सांधा नाही! मी वर्तुळं काढायला सांगितलीच नव्हती!!

सतरावा_गट
मोठी वर्तुळं खरी आहेत, छोटी बरीचशी भासातली. वर्ग वाढतो त्या वेगाने पिक्सेल वाढत नाहीत, म्हणून दूर गेल्यावर आकडे एकमेकांना चुकवत नवी वर्तुळं दाखवतात. छायाचित्रात बारीक जाळीवर लहरी दिसतात त्याच जातीचं हे.

आणि सांधा का नाही ते बघ. एक्सच्या जागी एक्स अधिक १२८ घाल. वर्ग उघडला की २५६ गुणिले एक्स आणि १६३८४ हे दोन जादा तुकडे येतात. दोघांनाही २५६ ने पूर्ण भाग जातो, बाकी बदलत नाही. म्हणून काकांनी १२८ ची लादी सांगितली. खोड जुनं असलं तरी मुरलेलं आहे.

कोरी_पाटी
मी काकांची कृती विंडोजवर केली तर चित्र उघडतच नाही. फाइल बिघडलेली आहे म्हणतं. नोटपॅडमध्ये उघडली तर आकडे व्यवस्थित दिसतात!!

रेघोटी
पॉवरशेलमधून '>' हा बाण देऊन फाइलमध्ये टाकलंस का? विंडोजसोबत येणारा ५.१ वाला पॉवरशेल तो बाण दिसला की मजकूर यूटीएफ-१६ मध्ये लिहितो. सुरुवातीला दोन अदृश्य बाइट आणि प्रत्येक अक्षरापाठोपाठ एक रिकामी बाइट. नोटपॅडला ते कळतं, चित्र उघडणाऱ्या प्रोग्रामला नाही. त्याला पहिल्याच जागी 'पी' हवा असतो, दुसरंच काहीतरी मिळतं. जुन्या कमांड प्रॉम्प्टमधून तोच बाण वापर, किंवा ऑकलाच फाइलचं नाव दे आणि त्याच्याकडूनच लिहून घे.

माझं याहून वाईट झालं होतं. मी पी६, म्हणजे बायनरी रूप, त्या बाणातून काढलं होतं. ती फाइल कशातच उघडेना. दोन दिवस मी रंगांच्या सूत्रात चूक शोधत होते. सूत्र बरोबर होतं.

कोरी_पाटी
झालं ताई! पाटीवर पहिली नक्षी उमटली. दंडवत.

द्रुतगती
२०२०च्या दशकात राहतो ना आपण? एआयला एक वाक्य सांगा, 'सांधा नसलेला कॅमो', दोन सेकंदांत चित्र हातात. आकड्यांशी झटापट कशाला?

निवांत_नाना
आला. मी वाटच बघत होतो.

जुनाखोड
सांगून बघ, चित्र सुंदर येईल. मग ते शेजारी शेजारी लाव आणि काठ बघ. 'सांधा नको' हे वाक्य त्याला समजतं, पण चित्र काढताना काठापलीकडे काय आहे ते त्याच्या हिशोबात नसेल तर समजून उपयोग काय?

सतरावा_गट
काका, थोडी दुरुस्ती. प्रतिमा काढणाऱ्या मॉडेलच्या आत काठाशी आल्यावर बाहेर शून्य भरलेलं असतं. त्याऐवजी पलीकडच्या काठाचे आकडे भरायचे, एवढा बदल केला की त्याचीही लादी जुळते. लोक करतात. म्हणजे फिरून ट्यूबच. द्रुतगती, तुमच्या यंत्रालाही शेवटी कागद चिकटवावाच लागतो.

द्रुतगती
मान्य. पण माझा मुद्दा वेळेचा होता.

रेघोटी
वेळेचा मुद्दा माझ्याकडून ऐका, बियाण्याची गोष्ट. बियाणं म्हणजे ज्या आकड्यापासून प्रोग्राम पुढचे सगळे 'नशिबाचे' आकडे काढतो तो. मागे मी एक लूप लावला होता, ४०० नक्षी काढायच्या आणि सकाळी त्यातली चांगली निवडायची. सकाळी बघते तर एकाच नक्षीच्या दहा-दहा, पंधरा-पंधरा प्रती. मी ऑकमध्ये बियाणं ठरवणाऱ्या एस-रँडला काहीच न देता बोलावत होते. तसं केलं की तो घड्याळातला सेकंद बियाणं म्हणून घेतो. एका सेकंदात पंधरा चित्रं निघाली तर पंधराही जुळी! आणि एस-रँड अजिबात बोलावलाच नाही तर जी-ऑक (ऑकचाच एक अवतार) दर वेळी तेच आकडे देतो, कधीही चालवा.

तेव्हापासून बियाणं मी स्वतः देते, १, २, ३ असं, आणि तोच आकडा फाइलच्या नावात घालते. नक्षी ३१७ आवडली? उद्या चौपट मोठी हवी? ३१७ टाका, तीच येते. चित्र हरवलं तरी चालेल, आकडा हरवता कामा नये.

अर्धविराम
+१. माझी आयुष्यातली सर्वांत सुंदर नक्षी 'आउट' नावाच्या फाइलमध्ये होती. पुढच्या फेरीने तिच्यावरच लिहिलं.

निवांत_नाना
दोन मिनिटं शांतता.

कोरी_पाटी
एक बाळबोध प्रश्न. आपण 'नक्षी' म्हणतो ती पुन्हा पुन्हा येण्याचे प्रकार किती असतात? की अगणित?

सतरावा_गट
पाटी, याच प्रश्नासाठी मी हे नाव घेऊन बसलोय. आकार अगणित, पण सपाट पृष्ठावर दोन्ही दिशांना पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीची सममिती फक्त १७ प्रकारची असू शकते. सरकवणं, फिरवणं, आरसा, आणि आरसा दाखवून अर्ध सरकवणं, यांच्या जोड्या लावत गेलं की सतरावर थांबावं लागतं. फेदोरोव्ह यांनी १८९१ मध्ये सिद्ध केलं, पोल्या यांनी १९२४ मध्ये स्वतंत्रपणे. पट्टीवरच्या, म्हणजे काठाच्या नक्षीचे प्रकार सातच.

फिरवणंही २, ३, ४ किंवा ६ भागांतच. पाच पाकळ्यांची नक्षी अशी पसरवता येत नाही.

अर्धविराम
स्पेनमधल्या अलहंब्रा राजवाड्यात हे सतराच्या सतरा सापडतात असं वाचलंय. त्या कारागिरांना कुठे होता हा सिद्धांत!

सतरावा_गट
सतराच्या सतरा आहेत की नाहीत यावर गणितज्ञांचं एकमत नाही. कोणती नक्षी कुठे मोजायची, रंग धरायचे की नाही, यावर उत्तर बदलतं. पण कारागिरांना आपल्याहून जास्त कळत होतं याबद्दल मात्र वाद नाही.

रेघोटी
पाच पाकळ्यांवरून आठवलं, पेनरोज यांच्या लाद्यांत पाचाची सममिती दिसते, कारण त्या पुन्हा येतच नाहीत. दोनच आकार, पण अख्खी जमीन भरली तरी नक्षीची आवृत्ती होत नाही. १९७०च्या दशकातलं काम. आणि २०२३ मध्ये तर असा एकच आकार जाहीर झाला, तेरा बाजूंचा, 'हॅट' म्हणतात त्याला. शोधणारे डेव्हिड स्मिथ पेशाने गणितज्ञ नाहीत, हौसेने आकार कापून बघणारे. त्या टोपीला अधूनमधून आरशातली टोपी लागायची, तर त्याच वर्षी आरसा न लागणारा भाऊबंदही निघाला.

आवृत्ती न होणाऱ्या लाद्यांचा पहिला संच १९६६ मध्ये रॉबर्ट बर्गर यांनी काढला तेव्हा त्यात २०,४२६ प्रकारच्या लाद्या होत्या. वीस हजारांवरून एकावर! मला हे आठवलं की उगीच हसू येतं.

द्रुतगती
मग ठिपका टोपीच का लावत नाही जमिनीला? पुन्हा पुन्हा येण्याचा प्रश्नच मिटला.

जुनाखोड
कारण चित्राची फाइल चौकोनी असते आणि चौकोन पुन्हा लावला की पुनरावृत्ती आलीच. टोपीची जमीन हवी तर गेममध्येच आकडेमोड करावी लागेल. त्याला आज जमीन हवी आहे, पीएचडी नको.

रेघोटी
त्यापेक्षा सोपं आणि जुनं: सेबास्तियाँ त्रुशे, १७०४. चौकोन कर्णावर कापून एक अर्धा काळा, एक पांढरा, आणि तो हवा तसा फिरवून मांडायचा. १९८७ मध्ये सिरिल स्मिथ यांनी त्यात कर्णाऐवजी दोन पाव वर्तुळं घातली. ती प्रत्येक बाजूच्या बरोब्बर मध्यावर जाऊन टेकतात. त्यामुळे चौकोन कसाही फिरवा, रेघ शेजाऱ्याच्या रेघेला मिळतेच. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकावर एका ओळीच्या बेसिकमध्ये दोन तिरक्या रेघांचा चक्रव्यूह पडद्यावर धो धो पडायचा, तो याचाच चुलतभाऊ. शेलमध्ये आजही दोन ओळींत होतो. टर्मिनल उघडा, नाणं उडवा, डावी किंवा उजवी रेघ छापा. दहा मिनिटं बघत बसाल, जबाबदारी माझी नाही.

कोरी_पाटी
पंचवीस मिनिटं.

ठिपका
मंडळी, मधल्या काळात मी गटभाऊंचा हिशोब ऑकमध्ये बसवला. ६० डाग. प्रत्येक पिक्सेलसाठी सगळे डाग तपासायचे, जो शेवटी झाकेल त्याचा रंग. ६५,५३६ पिक्सेल गुणिले ६०, म्हणजे ३९ लाखांवर तपासण्या, तरी काही सेकंदांत उरकतं. डाग वेडावाकडा दिसावा म्हणून केंद्रापासूनच्या कोनाप्रमाणे त्रिज्या थोडी कमीजास्त करतो, साइन लावून.

सांधा गेला! पूर्ण गेला! इमेजमॅजिकच्या रोलने चित्र १२८ ने आडवं आणि १२८ ने उभं सरकवून पाहिलं, म्हणजे जुने काठ बरोबर मध्यावर येतात. काही दिसत नाही.

पण प्रत्येक डाग चारही बाजूंनी सारखा येतोय. फुलपाखरांसारखा. रेघोटीताईंची वटवाघळं माझ्याकडे कशी आली? मी आरसा लावलेलाच नाही!

रेघोटी
मी पाठवली नाहीत हो.

सतरावा_गट
लावलायस. अंतर काढताना चिन्ह टाकून दिलंस का? म्हणजे एक्समधलं अंतर, आणि २५६ वजा ते अंतर, यातलं लहान ते घ्यायचं?

ठिपका
हो, तसंच. अंतराला चिन्ह कशाला हवं?

सतरावा_गट
अंतराला नको, कोनाला हवं. चिन्ह गेलं की डावीकडचा पिक्सेल आणि उजवीकडचा पिक्सेल तुझ्या लेखी एकच. कोन कायम ० ते ९० अंशांतच फिरतो आणि पाव डाग चारदा उमटतो. म्हणून असं कर: एक्समधून केंद्र वजा कर, चिन्हासकट. उत्तर १२८ हून जास्त आलं तर त्यातून २५६ वजा कर, उणे १२८ हून खाली गेलं तर २५६ मिळव. वायलाही तेच. मग तोच आकडा कोनाच्या फंक्शनला दे.

ठिपका
उडाली वटवाघळं!

अर्धविराम
आता ही लादी सांभाळ. जेपेगमध्ये ठेवू नकोस. ते ८ बाय ८ च्या ठोकळ्यांत चित्र दाबतं आणि काठावरच्या ठोकळ्याला पलीकडच्या काठाशी काही देणंघेणं नसतं. एवढं करून मिटवलेला सांधा फिकट स्वरूपात परत येतो. पीएनजीत ठेव.

आणि लहान करायची असेल तर थेट करू नकोस. लहान करताना प्रोग्राम शेजारचे पिक्सेल मिसळतो, काठाशी शेजारी नसतात, मग काठाचाच रंग ओढून घेतो. आधी तीन बाय तीन लाव, ते सगळं लहान कर, मग मधला नववा हिस्सा कापून घे. आरशाबद्दल मी हरलो, निदान हे तरी माझ्याकडून घ्या.

जुनाखोड
घेतलं. उत्तम आहे. यात षटकोनवाल्यांसाठी एक पुस्ती: षटकोनाच्या जाळीची चौकोनी लादी १ ला वर्गमूळ ३ या प्रमाणात असते आणि ते पिक्सेलांत कधीच नेमकं बसत नाही. ५६ बाय ९७ घ्या. चूक एक हजारांश टक्क्याच्या पाचपट. डोळ्याला काय, भिंगालाही कळणार नाही.

कोरी_पाटी
हे सगळं एसव्हीजीत, म्हणजे आकारांचं वर्णन लिहिलेल्या फाइलीत, केलं तर? तिथे पिक्सेलच नाहीत.

रेघोटी
पडद्यावर उमटताना पिक्सेल येतातच. दोन आकार एकमेकांना नुसते टेकलेले असले की मधल्या पिक्सेलवर दोघेही अर्धे अर्धे रंगवतात आणि मागचा पांढरा केसाएवढा डोकावतो. म्हणून खालचा आकार किंचित मोठा काढून वरच्याच्या खाली सारायचा. बाकी एसव्हीजी छान, शेलमधून नुसत्या इको कमांडने सुद्धा लिहिता येतं.

ठिपका
परत मीच. सांधा नाही, वटवाघळं नाहीत, तरी लाद्या मोजता येतात. एक मोठा पिवळट डाग आहे, तो दर २५६ पिक्सेलला हजेरी लावतो. डोळा तिथेच जातो. सैनिक रांगेत उभे असल्यासारखे पिवळे डाग. बियाणं बदललं की दुसरा कुठलातरी डाग पुढारी होतो.

द्रुतगती
पिवळा काढून टाक.

ठिपका
काढला. मग काळा पुढारी झाला.

सतरावा_गट
रेघोटीताईंनी त्रुशेच्या वेळी उत्तर देऊन ठेवलंय. त्यांच्या लाद्या कशाही फिरवून जुळतात, कारण काठावर काय घडतं ते सगळ्यांत सारखं असतं. आतल्या भागाशी शेजाऱ्याला कर्तव्य नाही.

तुझ्या डागांचे दोन ढीग कर. जे काठ ओलांडतात ते एका ढिगात, त्यांना कायम एकच बियाणं दे, समजा ७. जे काठाला शिवतही नाहीत ते दुसऱ्या ढिगात, त्यांचं बियाणं दर लादीला वेगळं. दुसऱ्या ढिगातल्या डागाचं केंद्र प्रत्येक काठापासून त्याच्या जास्तीत जास्त त्रिज्येइतकं आत हवं, साइनमुळे त्रिज्या वाढते ती धरून. मागचा रंग आणि रंगांची यादी सगळीकडे तीच. अशा चार लाद्या काढ. कुठलीही लादी कुठल्याही लादीशेजारी जुळेल. गेममध्ये नाणं उडवून मांड.

रेघोटी
वा! म्हणजे भिंती सामायिक, आतली सजावट ज्याची त्याची. हे मी चोरणार.

ठिपका
केलं. चार नाही, सहा लाद्या केल्या. ऑकमध्ये एस-रँड ७, काठाचे १८ डाग, मग एस-रँड लादीचा क्रमांक, आतले ४२ डाग. फाइलच्या नावात दोन्ही बियाणी. लाद्या पसरल्या आणि स्वतःच्याच जमिनीवर सांधा शोधत बसलो, मिळाला नाही. काठाचे डाग पुन्हा येतात, पण ते मुद्दाम लहान ठेवले, त्यामुळे पुढारी कोणी होत नाही.

एकच अडचण झाली. गेम मित्राला खेळायला दिला. तो म्हणाला, जमीन झकास, पण शत्रू कुठे आहेत? शत्रूंनाही मी हिरवा-तपकिरीच रंग दिला होता. तीन वेळा मेला बिचारा.

निवांत_नाना
मी पहिल्याच प्रतिसादात रात्र करायला सांगितली होती. फरक काय पडला?

जुनाखोड
कॅमोने त्याचं काम केलं, त्याला बोल लावू नका.

ठिपका
शत्रूंना गिंगहॅम घातला. तांबडा चौकडा, पीपीएमपॅटचाच. आता लांबून दिसतात.